वही सीमेपलीकडे राहिली : फाळणी आणि निर्वासितांची पत

१/
१९४७ च्या उन्हाळ्यात लाहोर, रावळपिंडी, मुलतान सोडताना ज्यांना थोडी सवड मिळाली, त्यांनी दागिन्यांसोबत कागदही बांधून घेतले : जमिनीचा उतारा, बँकेचे पासबुक, विम्याची पॉलिसी, दुकानाची खतावणी. अनेकांना तेवढीही सवड मिळाली नाही. एक कोटीहून अधिक माणसांनी सीमा ओलांडली. त्यांच्या मालमत्तेचे आणि कर्जाचे पुढे काय झाले?

२/
प्रश्न मूलतः 'पत' या शब्दाचा आहे. गावचा सावकार एखाद्याला कर्ज देतो, कारण त्याचे शेत त्याने पाहिलेले असते, त्याच्या वडिलांचा व्यवहार त्याला ठाऊक असतो आणि वहीत जुनी नोंद असते. पत उभी राहते ती कागदावर आणि ओळखीवर. फाळणीने हे दोन्ही आधार एकाच वेळी काढून घेतले.

३/
सर्वांत आधी सावध झाल्या त्या बँका. पंजाब नॅशनल बँक १८९५ मध्ये लाहोरात सुरू झाली होती. २० जून १९४७ रोजी, म्हणजे फाळणीच्या जेमतेम आठ आठवडे आधी, तिने आपले मुख्य कार्यालय दिल्लीस हलवले. तरीही पश्चिम पाकिस्तानातील ९२ कार्यालये तिला बंद करावी लागली. एकूण ठेवींपैकी सुमारे ४० टक्के ठेवी तेथल्या होत्या.

४/
शाखा गेली म्हणून ठेवीदाराचे येणे बुडत नव्हते. निर्वासित खातेदारांजवळ जो काही तुटपुंजा पुरावा होता, तो पाहून बँकेने ठेवी परत केल्या, असे तिचा इतिहास सांगतो. बँकेच्या दृष्टीने यात धोका होता. पण नकार दिला असता, तर उरलेल्या शाखांमधला विश्वासही ढळला असता.

५/
येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १५ ऑगस्टला पैसा परका झाला नव्हता. ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. पाकिस्तानची स्टेट बँक १ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तोवर अडचण चलनाची कमी आणि पुराव्याची अधिक होती.

६/
सिंधमधील शिकारपूरच्या सराफांची स्थिती निराळी होती. त्यांचा व्यवहार हुंडीवर चाले. एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर लिहिलेला, रक्कम देण्याचा आदेश म्हणजे हुंडी. मुंबईच्या बाजारात 'मुलतानी' या नावाने ओळखले जाणारे हे सराफ फाळणीच्या कितीतरी आधीपासून येथे पाय रोवून होते. त्यांचे घर सुटले, पण सही ओळखणारा बाजार सुटला नाही.

७/
शेतकऱ्याला असा दूरचा बाजार नव्हता. त्याची सारी पत पटवाऱ्याच्या जमाबंदीत होती. जमाबंदी म्हणजे आपल्याकडील सातबाऱ्यासारखा हक्कनोंदीचा कागद. तो आता परक्या देशाच्या दप्तरात अडकला होता. १९४८ मध्ये पूर्व पंजाब सरकारने दावे मागवले, तेव्हा पाच लाखांहून अधिक दावे आले. जालंधरला या कामासाठी एक मोठे कार्यालयच उभे राहिले.

८/
हे दावे तपासायचे कसे? पुनर्वसन महासंचालक तरलोक सिंग यांच्या यंत्रणेने एक जुनीच रीत अवलंबली : साक्ष. एका गावातून आलेल्या निर्वासितांना एकत्र बसवून प्रत्येकाचा दावा मोठ्याने वाचला जाई. त्या सभेने तो मान्य करावा, दुरुस्त करावा किंवा फेटाळावा. हरवलेल्या कागदाची जागा शेजाऱ्याच्या स्मरणाने घेतली.

९/
माणसे वाढवून सांगत, हेही खरे. खोट्या दाव्यास शिक्षा होती. कधी मिळणारी जमीन घटवली जाई, तर क्वचित तुरुंगवासही घडे. पुढे दोन्ही पंजाबांनी महसुली दप्तरांची देवाणघेवाण केली, आणि सभेतला शब्द कागदाशी ताडून पाहता आला.

१०/
दावा सिद्ध झाला तरी तितकी जमीन मिळणार नव्हती, कारण मुसलमान शेतकरी मागे ठेवून गेलेली जमीन कमी होती आणि तिचा कसही कमी होता. म्हणून 'प्रमाण एकर' हे माप ठरले. एकरी दहा-अकरा मण गहू देणारी जमीन सोळा आण्यांची, आणि बाकीची त्या प्रमाणात. त्यावर चढती कपात होती : लहान खातेदारास २५ टक्के, सर्वांत मोठ्या जमीनदारास ९५ टक्के.

११/
मालमत्ता मागे राहिली, पण कर्ज माणसाच्या मागोमाग आले. सावकारही बहुधा निर्वासितच होता आणि त्यालाही पैशांची निकड होती. १९५१ च्या विस्थापित व्यक्ती कर्ज समायोजन कायद्याने यावर तोडगा काढला. १५ ऑगस्ट १९४७ पासूनचे व्याज थांबले, कर्जापायी अटक होण्यापासून संरक्षण मिळाले आणि ऐपत पाहून कर्ज घटवण्याचा अधिकार न्यायाधिकरणांना मिळाला.

१२/
गहाणाचा नियम विशेष बोलका आहे. समजा, पाकिस्तानात राहिलेल्या घराचा मान्य दावा २०,००० रुपयांचा होता आणि भरपाई मिळाली ४,००० रुपये, म्हणजे एक पंचमांश. त्या घरावर ५,००० रुपयांचे कर्ज असेल आणि सावकाराने तारण कायम ठेवणे पत्करले असेल, तर त्याचे येणेही एक पंचमांश, म्हणजे १,००० रुपये होई. फाळणीचा तोटा ऋणकोने एकट्याने सोसायचा नाही, हे कायद्याने मान्य केले.

१३/
तथापि या हिशेबाला एक मोठे भोक होते. १९५० च्या दावे कायद्यात मोजली गेली ती स्थावर मालमत्ता. दुकानातला माल, घरातली भांडीकुंडी, खतावणीतली उधारी यांची भरपाई नव्हती. गावात शेकडो घरांकडे येणे असलेला किराणा दुकानदार भाड्याच्या गाळ्यात बसत असेल, तर सरकारदरबारी त्याचे नुकसान शून्य. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या मजुराला तर दावा लिहायलाच जागा नव्हती. ज्याच्या नावे कधी कागद नव्हता, त्याचा तोटाही कागदावर आला नाही.

१४/
महाराष्ट्राला ही कथा परकी नाही. जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलींनंतर सिंधी हिंदूंचे लोंढे आगबोटींनी मुंबईस उतरले. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत त्यांची सोय झाली. १९४९ मध्ये त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले. पंजाबप्रमाणे सिंधची वाटणी झाली नव्हती, म्हणून आपल्या भाषेचा प्रांतही त्यांच्या वाट्याला आला नाही. पत पुन्हा पहिल्या उधारीपासून उभारावी लागली.

१५/
फाळणीच्या इतिहासात हत्या आणि काफिले यांचे वर्णन अटळपणे पुढे येते. जालंधरच्या त्या सभा मात्र मागे राहतात. सर्वस्व गमावलेली माणसे तेथे एकमेकांसमोर बसून आठवत होती : विहिरीपलीकडचे शेत कोणाचे, बांध कुठवर, हिस्से किती. शेजाऱ्याचा दावा खरा असेल, तर हो म्हणायचे होते, आणि वाढवलेला असेल, तर त्याच्या तोंडावर नाही म्हणायचे होते. पाच लाखांहून अधिक दाव्यांची पडताळणी या अवघड प्रामाणिकपणावर सुरू झाली.