हैदराबादच्या खाण-कंपनीचे भाग

उद्योग विकत घेऊन कंपनीनें मोबदला भागरूपानें दिल्यास, त्याच्या निव्वळ मोलांतून भागांची दर्शनी रक्कम वजा जातां उरेल तें अधिमूल्य. तें कंपनीच्याच हिशेबीं जमा असावें.

इ. स. १८८६ मध्यें निजाम सरकारनें वॉट्सन व स्टुअर्ट यांस खाणींचा मक्ता दिला. पुढें हैदराबाद दख्खन कंपनीनें तो घेतांना १० पौंडांचे ८५,००० भाग, म्हणजे ८,५०,००० पौंड, मोबदला दिला. देणारे व घेणारे बहुतेक एकच. मग मोलाची पारख कोण करणार? जुनीं भागपत्रें जमविणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. सरदार अब्दुल हक यांनीं आपल्या वांट्याचे भाग सरकारच्याच माथीं १२ पौंडांस मारले. वरचे २ पौंड कंपनीस मिळाले नाहींत. ते औरंगाबादच्या रयतेचाहि सारा ज्यांत पडे त्या खजिन्यांतून गेले. इ. स. १८८८ मध्यें पार्लमेंटच्या समितीनें याची चौकशी केली.