टनामागें एक पेनी

जमिनीच्या पोटांतलें धन बाहेर निघालें, कीं त्याला पुष्कळ वाटेकरी भेटतात. जमिनीचा धनी आपलें स्वामित्वधन घेतो, भांडवलवाला नफा घेतो, सरकार कर घेतें. ज्या गांवाच्या दारांत कोळशाच्या मातीचे डोंगर उभे राहतात, त्या गांवाच्या पदरांत काय पडावें, हा प्रश्न मात्र फार उशिरां विचारला गेला. आणि जें पडेल त्याचा विनियोग कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न त्याहूनहि उशिरां. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींचा विसाव्या शतकांतील इतिहास या दोन्ही प्रश्नांवर चांगला प्रकाश टाकतो.

पहिलें महायुद्ध संपलें तेव्हां ब्रिटनमधील खाणकामगार अस्वस्थ होते. संपाचा रंग दिसतांच सरकारनें १९१९ च्या आरंभीं न्यायमूर्ति सँकी यांच्या अध्यक्षतेखालीं एक शाही आयोग नेमला. न्या. सँकी यांनीं आपल्या पहिल्याच अहवालांत सुचविलें, कीं निघणाऱ्या कोळशावर टनामागें एक पेनी पट्टी घ्यावी आणि ती त्या त्या भागांतील घरें व सुखसोयी सुधारण्याकडे लावावी. पेनी हें क्षुल्लक नाणें खरें. पण २४० पेनींचा एक पौंड, आणि २४ कोटि टन कोळसा निघाला कीं दहा लक्ष पौंड जमणार, असा हा सरळ हिशेब होता.

१९२० च्या खाणउद्योग कायद्यानें ही पट्टी प्रथम पांच वर्षांकरितां लागू झाली व ‘खाणकामगार कल्याण निधि’ अस्तित्वांत आला. पैसा खाणमालकांनीं भरावयाचा. पण खर्चाचीं सूत्रें एकट्या मालकांच्या हातीं ठेवलीं नाहींत, हें या कायद्याचें वैशिष्ट्य. निधीचे चार पंचमांश ज्या भागांतून पैसा आला त्या भागाकरितांच राखून ठेवले होते. उरलेला एक पंचमांश संशोधनासारख्या सर्व देशाच्या कामांकडे जाई. भागाभागांत मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींच्या संयुक्त समित्या बसल्या. गांवाला काय हवें याची मागणी खालून वर जाई, आणि मंजूर होऊन उभी राहिलेली वास्तु बहुधा स्थानिक विश्वस्तांच्या स्वाधीन होई.

गांवांनीं काय मागितलें? क्रीडांगणें मागितलीं, सभागृहें मागितलीं, वाचनालयें मागितलीं. दक्षिण वेल्समध्यें तर या कायद्याच्या कितीतरी आधीं कामगारांनीं आपल्या मजुरींतून पेनी-पेनी बाजूस टाकून संस्था चालविल्या होत्या. पुढें ब्रिटनचे आरोग्यमंत्री झालेले अन्यूरिन बेव्हन हे ट्रेडेगर येथील अशाच एका संस्थेच्या ग्रंथालयांत वाचून वाढले. त्याच दक्षिण वेल्समध्यें टॅलिगार्न येथील जुना वाडा घेऊन १९२३ मध्यें आजारांतून उठलेल्या कामगारांसाठीं विश्रांतिगृह उघडण्यांत आलें. हीं कामें लोकांनीं आपलीं मानलीं, कारण तीं त्यांनीं स्वतः निवडलीं होतीं.

पण लोकांनीं निवडावें असें म्हटलें, कीं लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: लोक म्हणजे कोण? त्याचें उत्तर आंघोळीच्या साध्या गोष्टींत सांपडतें. खाणींतून वर आलेला कामगार अंगावरच्या काळ्या धुळीसकट घरीं येई आणि चुलीपुढच्या टबांत अंग धुई. घरांत नवरा, दोन मुलगे आणि एखादा भाडेकरू असे चौघे खाणीवर जाणारे असले, आणि त्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या असल्या, तर त्या घरच्या गृहिणीची चूल दिवसरात्र पाणी तापवीत राही.

१९११ च्या कायद्यांत खाणीच्या तोंडाशींच स्नानगृह बांधण्याची तरतूद होती. अट अशी, कीं त्या खाणीच्या कामगारांपैकीं दोन तृतीयांशांनीं मतदानानें तें मागावें आणि चालविण्याचा अर्धा खर्च सोसावा. कायदा लोकमताचा मान राखणारा होता. तरी स्नानगृहें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच झालीं. लँकेशायरमधील गिबफील्ड खाणीवर १९१३ मध्यें एक उभें राहिलें. इतर ठिकाणीं कामगार कचरत. पाठ धुतली तर तिचें बळ जातें अशी पुष्कळांची समजूत होती. गरम पाण्यानंतर थंडींत घरीं जाण्याची भीति होती. शिवाय आठवड्याचे पेन्स मोजून द्यावयाचे होते. मत कामगाराचें होतें. पाणी उचलणारीला मतच नव्हतें.

१९१९ मध्यें सँकी आयोगापुढें खाणकामगारांच्या तीन बायका साक्षीला उभ्या राहिल्या. त्यांपैकीं एलिझाबेथ अँड्र्यूज या ऱ्होंडा खोऱ्यांतील होत्या. उकळत्या पाण्याचीं जड भांडीं उचलून गरोदर बायकांना होणारी इजा, त्याच पाण्यानें भाजून दगावणारीं मुलें, हें सर्व त्यांनीं स्वच्छ शब्दांत मांडलें. ज्यांना मत नव्हतें, त्यांचें म्हणणें अशा रीतीनें प्रथमच सरकारी दप्तरांत नोंदलें गेलें.

१९२६ च्या कायद्यानें जमीनमालकांच्या स्वामित्वधनावर पौंडामागें एक शिलिंग घेऊन तो पैसा केवळ स्नानगृहांसाठीं राखून ठेवला. आतां स्नानगृहाला क्रीडांगणाशीं स्पर्धा करावी लागत नव्हती. १९३४ च्या कायद्यानें मूळ पट्टी अर्ध्या पेनीवर आली, तरी स्नानगृहें वाढतच गेलीं. स्वच्छ कपड्यांचें कपाट एकीकडे, मळक्या कपड्यांचें दुसरीकडे, मध्यें फवाऱ्यांची रांग, अशी त्यांची रचना असे. १९४७ मध्यें खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या तोंवर त्यांची संख्या तीनशेंवर गेली होती. आणि ज्यांनीं पूर्वीं नाकारलें त्यांच्याच पोरांना त्याशिवाय चालेनासें झालें.

हिंदुस्थानांत ही कल्पना १९४४ च्या वटहुकुमानें आली आणि कोळसा-खाणींसाठीं कल्याण निधि स्थापन झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हां व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूरखातें सांभाळीत होते. १९४३ च्या डिसेंबरांत धनबादकडील खाणी त्यांनीं स्वतः पाहिल्या होत्या. १९४६ मध्यें अभ्रकाच्या खाणींसाठीं असाच कायदा झाला. त्याच्या सल्लागार समित्यांत मालक व मजूर यांचे प्रतिनिधि समान ठेवले, आणि एक सभासद स्त्री असावी असेंहि लिहून टाकलें. ऱ्होंडांतील बायकांना ज्यासाठीं आयोगाचें दार ठोठवावें लागलें, तें येथें कायद्याच्या कलमांत आलें.

२०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणींची झळ पोंचणाऱ्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानें स्थापन झालीं. कोळशाचा चंद्रपूर जिल्हाहि त्यांत आला. अनुसूचित क्षेत्रांत या पैशाच्या योजनांना ग्रामसभेची संमति लागते. नियम चांगला आहे. त्याचें खरें मोल मात्र ग्रामसभा भरते त्या दिवशीं ठरतें. तेथें कोण बोलतें आणि कोण पाणी भरावयास गेलेलें असतें, यावर गांवाच्या वाट्याची पेनी गांवाच्या कोणत्या घराला पोंचेल, हें अवलंबून राहतें.