बडीशेपेच्या ताटलीतली पन्नासची नोट

आजची गोष्ट आमच्या गटातल्या एका भांडणापासून सुरू होते.

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही बारा जणी जीप ठरवून कृषी प्रदर्शन बघायला गेलो होतो. परत येताना हायवेवरच्या एका हॉटेलात जेवायला थांबलो. वाढायला वीस-बावीस वर्षांचा एक पोरगा होता. तीन वेळा ठेचा आणून दिला, आमच्या आक्कांना दात नाहीत म्हणून भाकरी आमटीत कुस्करायला वेगळी वाटी आणली, आणि कपाळावर एक आठी नाही. बिल आलं. वहिनींनी बिलाचे पैसे मोजले आणि बडीशेपेच्या ताटलीत वर पन्नासची नोट ठेवली. आक्कांनी ती उचलली आणि वहिनींच्या हातात परत दिली.

"त्याला मालक पगार देतो," आक्का म्हणाल्या. "आपण कांदा लावायला जातो तेव्हा संध्याकाळी वाफ्यात कुणी वर पन्नास ठेवतं का?"

वहिनी म्हणाल्या, "पोरगं राबलं की. माणूस खूश झालं तर देऊ नये?"

तेवढ्यात मावशींनी जुनं काढलं. "आक्का, सुनेच्या बाळंतपणात दवाखान्यातल्या मावशीला पाचशे दिले होतेस ना?"

"दिले नाहीत," आक्का म्हणाल्या. "काढून घेतले. मुलगा झाला म्हणून पाचशे, मुलगी असती तर दोनशे म्हणाली असती."

भांडण आमच्या फाट्यापर्यंत पुरलं. मी गटाची सचिव, लिहिण्या-वाचण्याचं काम माझ्याकडे. तेव्हा मला सांगण्यात आलं की ही बक्षिसीची भानगड कुठून आली ते शोधून काढ. शोधायला लागले आणि थेट अमेरिकेतल्या रेल्वेच्या डब्यात जाऊन पोचले.

आपल्याकडे वरून देण्याला शब्दांची कमी नाही. ओवाळणी, दक्षिणा, खुशाली, पोस्त, चहापाणी. प्रत्येकाची चव वेगळी. ओवाळणी भाऊ आनंदानं घालतो, चहापाण्याचे पैसे कागद पुढे सरकावा म्हणून द्यावे लागतात. बक्षीस हा शब्द फारसीतून आला, आणि त्यात देणारा वर, घेणारा खाली असतो. सरदारानं शिपायाला बक्षीस द्यावं, शिपायानं सरदाराला नाही. ही वर-खालीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आज अमेरिकेत हॉटेलात जेवलं की बिलाच्या पंधरा-वीस टक्के वर ठेवावे लागतात. पण दीडशे वर्षांपूर्वी तिथल्या पुष्कळ लोकांना ही पद्धत अजिबात आवडत नव्हती. युरोपातल्या जहागीरदारांकडे पाहुणे नोकरांच्या हातावर नाणी ठेवत. अमेरिकेतले श्रीमंत तिकडे फिरायला गेले आणि ही सवय घेऊन आले. घरचे लोक चिडले. म्हणाले, आपल्याकडे राजा नाही, सरदार नाही, मग हा मुजरा कशाला? १९०९ साली वॉशिंग्टन राज्यानं बक्षिसीविरुद्ध कायदाच केला. पाठोपाठ आणखी काही राज्यांनी केला. १९१६ साली विल्यम स्कॉट नावाच्या गृहस्थानं त्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'द इचिंग पाम', म्हणजे खाजणारा तळवा. (आपल्याकडेही तळहात खाजला की पैसे येणार म्हणतात. खाज सगळीकडे सारखीच.) पण हे कायदे टिकले नाहीत. १९२६ पर्यंत सगळे रद्द झाले.

का टिकले नाहीत, याचं उत्तर मला त्या रेल्वेच्या डब्यात सापडलं.

१८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं संपली. सुमारे चाळीस लाख काळी माणसं मोकळी झाली. मोकळी झाली, पण जमीन नाही, घर नाही, हातात पैसा नाही. त्यांना काम देणारे पुढे आले, त्यातला एक शिकागोचा जॉर्ज पुलमन. १८६७ साली त्यानं कंपनी काढली. तिचे झोपण्याचे डबे असे थाटाचे, की आत मखमली खुर्च्या, रात्री पलंग, सकाळी पॉलिश केलेले बूट. या डब्यांत उतारूंची सेवा करायला त्यानं गुलामगिरीतून सुटलेले पुरुष ठेवले. त्यांना पोर्टर म्हणत. सामान उचलायचं, अंथरूण घालायचं, रात्रभर जागं राहून बूट पुसायचे, आणि चेहऱ्यावर हसू ठेवायचं. प्रवासी त्यांना नावानं हाक मारत नसत. सगळ्यांना एकच हाक, 'जॉर्ज'. मालकाचं नाव जॉर्ज, म्हणून त्याची माणसंही जॉर्ज. गुलामांना मालकाच्या नावानं ओळखत, तीच रीत पुढे चालू राहिली.

पगार इतका कमी, की त्यात घर चालणं शक्य नव्हतं. महिन्याला चारशे तास काम किंवा अकरा हजार मैल प्रवास, तेव्हा पूर्ण पगार. गाडी सुटायच्या आधी डबा आवरायचा, उतारूंना चढवून घ्यायचं, त्या वेळेचे पैसे नाहीत. बुटाचं पॉलिशसुद्धा पोर्टरनं स्वतःच्या पैशानं आणायचं. मग जगायचं कशावर? बक्षिसीवर.

१९१५ साली सरकारच्या एका आयोगानं कंपनीच्या लोकांना बोलावून जाब विचारला. तेव्हा पोर्टरचा पगार महिना साडेसत्तावीस डॉलर होता. कंपनीचं म्हणणं साधारण असं, की बक्षिसीची पद्धत आम्ही काढली नाही, आम्ही यायच्या आधीपासून ती होती. म्हणजे लोक वरून देतात ना, मग आम्ही पुरं का द्यायचं! त्या आयोगापुढे कंपनीच्या बाजूनं कोण बसलं होतं माहीत आहे? रॉबर्ट लिंकन. ज्या अब्राहम लिंकननं गुलामांना मोकळं केलं, त्याचा सख्खा मुलगा. तो या कंपनीचा बरीच वर्षं अध्यक्ष होता. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं आणि आधी चहा केला.

आता बघा, वहिनींचं म्हणणं खोटं नाही. डब्यातल्या उतारूनं खूश होऊन नाणं दिलं, त्यात त्याची काही चूक नव्हती. पण कंपनीनं ते नाणं आधीच हिशोबात धरलं होतं आणि तेवढं पगारातून कापलं होतं. उतारूला वाटायचं मी पोर्टरला देतोय. खरं म्हणजे तो कंपनीचं देणं भागवत होता.

ऑगस्ट १९२५ मध्ये न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीत पोर्टरांनी संघटना काढली. पुढारी म्हणून ए. फिलिप रँडॉल्फ यांना निवडलं, कारण ते कंपनीचे नोकर नव्हते, त्यांना कंपनी काढून टाकू शकत नव्हती. मागण्या अशा: पगार वाढवा, महिन्याला दोनशे चाळीस तासांच्या वर काम नको, आणि बक्षिसीची पद्धत बंद करा. होय, घेणारेच म्हणाले बंद करा. सगळ्यांना ते पटलं असं नाही. ज्यांना चांगल्या गाड्या मिळत, श्रीमंत उतारू मिळत, ते घाबरले. हातातली नाणी जातील आणि पगारही वाढणार नाही, ही भीती काही वेडेपणाची नव्हती.

आणि आता बायकांकडे येऊ, कारण त्यांच्याशिवाय ही संघटना टिकली नसती. संघटनेत दिसलेल्या पोर्टरला कामावरून काढत. कंपनीचे हेर सगळीकडे. मग वर्गणी गोळा कोण करणार? वॉशिंग्टन शहरात रोझिना टकर नावाची पोर्टरची बायको घरोघर फिरली. बाई बाईकडे गेली तर कुणाला काय संशय? घरात बसून माहिती द्यायची, वर्गणी घ्यायची, निरोप पोचवायचा. आपल्या गटाची वसुली करणारीला हे काम वेगळं सांगायला नको. पुढे कंपनीला कळलं. तिच्या नवऱ्याला कामावरून बाजूला केलं. रोझिना साहेबाच्या कचेरीत गेली, टेबलावर हात आपटला आणि म्हणाली की मी काय करते त्याच्याशी माझ्या नवऱ्याचा संबंध नाही, त्याचं काम त्याला परत द्या. दिलं. ही बाई एकशे पाच वर्षं जगली, १९८७ साली वारली. ठिकठिकाणच्या बायकांनी जेवणावळी घातल्या, कार्यक्रम केले, पैसे उभे केले. बारा वर्षं. ऑगस्ट १९३७ मध्ये पुलमन कंपनीनं करारावर सही केली. पगार वाढला, महिन्याचे तास दोनशे चाळीसवर आले. बक्षिसी मात्र थांबली नाही, चालूच राहिली. पण आता घर तिच्यावरच अवलंबून नव्हतं.

हॉटेलात वाढणाऱ्यांचं तसं झालं नाही. १९३८ साली अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा आला, त्यातून हॉटेलं सुटली. १९६६ साली त्यांना आत घेतलं, पण सवलत देऊन: बक्षीस मिळतं ना, मग मालकानं पगार कमी दिला तरी चालेल, उरलेलं गिऱ्हाईक देईल. आज तिथला देशभराचा किमान दर तासाला सव्वासात डॉलर आहे, आणि बक्षिसीवरच्या कामगाराला मालकानं द्यायचा किमान दर दोन डॉलर तेरा सेंट. हा दुसरा आकडा १९९१ पासून हललेला नाही. बक्षीस कमी पडलं तर फरक मालकानं भरायचा, असं कायदा म्हणतो. काही राज्यं ही सवलत मानत नाहीत, तिथे पुरा पगार द्यावा लागतो. अशा कामात बायकाच जास्त आहेत, तीनात दोन. गिऱ्हाइकानं नको ते बोललं, नको तिथे हात लावला, तर ती काय करणार? तिचा पगार त्याच्या खिशात आहे.

हे वाचताना मला आपल्याकडचं बलुतं आठवत होतं. महार वतनदार सरकारचं काम करत: सारा वसुलीला माणसं बोलवायची, साहेब आला की त्याच्यापुढे धावायचं, टपाल न्यायचं. काम सरकारचं, पण सरकार पुरा पगार देत नसे. इनामाचा तुकडा आणि उरलेलं बलुतं गावानं द्यायचं, खळ्यावर. शेतकरी खूश असला तर पायली, नाराज असला तर शिव्या. आणि या लोकांनी माणसासारखं वागवा म्हटलं, पाण्याला हात लावला, की गाव बलुतं बंद करी. मार्च १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे मंडळात या वतनाबद्दल बिल मांडलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: बलुत्याचे पैसे ठरवा, ते साऱ्याबरोबर गोळा करा, आणि सरकारच्या कामाचा पगार सरकारच्या हातून द्या. त्याच १९२८ साली पुलमनच्या पोर्टरांची बक्षिसीबद्दलची तक्रार वॉशिंग्टनच्या रेल्वे आयोगानं, हे आमच्या अखत्यारीत नाही म्हणून, बाजूला ठेवली. बाबासाहेबांनाही ते बिल पुढच्या वर्षी मागे घ्यावं लागलं. ही वतनं कायद्यानं गेली ती १९५८ नंतर.

मैत्रिणींनो, आपल्यात किती अंगणवाडीच्या ताई ऐकताय? तुम्हाला पगार नाही, मानधन मिळतं. शब्द गोड आहे. मान पण आहे, धन पण आहे. पण कोर्टात जेव्हा वाद गेला, तेव्हा हाच शब्द तुमच्याविरुद्ध वापरला गेला: हे मानधन आहे, पगार नाही, म्हणून ग्रॅच्युइटी नाही. इंग्रजीत हॉटेलातल्या बक्षिसीलाही ग्रॅच्युइटीच म्हणतात. आधी ती मालकाची मर्जी होती. १९७२ च्या कायद्यानं ती हक्क झाली, सर्वसाधारण पाच वर्षं सलग नोकरी झाली की. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या अंगणवाडी ताईंच्या खटल्यात सांगितलं की मानधन हा पगारच आहे आणि सेविका-मदतनिसांना हा कायदा लागू होतो.

हे सगळं मी गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं. वहिनी आणि आक्का दोघी म्हणाल्या, "मी हेच म्हणत होते."

या जानेवारीत पुन्हा प्रदर्शनाला गेलो, पुन्हा त्याच हॉटेलात. पोरगा तोच. जेवण झाल्यावर आक्कांनी त्याला जवळ बोलावलं. "पगार किती रे तुला?" त्यानं गल्ल्याकडे बघितलं आणि हळू म्हणाला, "खाना, रहना, और जो ऊपर का मिले." आक्का उठल्या, गल्ल्यावर गेल्या आणि मालकाला मोठ्यानं विचारलं. मालक हसला. "आक्का, तुम्ही लोक देताच की वरून. पोरं खूश आहेत."

आक्कांनी पदराची गाठ सोडली आणि पन्नासची नोट पोराच्या हातात दिली, ताटलीत नाही. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "मालकाचे पन्नास आपण भरले."

वहिनी म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी भाकरी घरूनच नेऊ."

"आणि त्या पोरानं काय खायचं?" मावशी म्हणाल्या. वाद परत फाट्यापर्यंत पुरला.