इब्न अल-हैसमचा वारसा आणि औंढ्याचा लेसर

औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या वर्गात मी इब्न अल-हैसमची ओळख करून देत होतो. तास उर्दूचा होता. प्रकाश सरळ रेषेत जातो हे त्यांनी प्रयोगांनी दाखवलं, असं सांगून मी लेसर पॉइंटरचा लाल ठिपका भिंतीवर पाडला. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "सर, ठिपका जवळ लहान आणि लांब मोठा का दिसतो? प्रकाश सरळ जातो म्हणालात ना?"

"ते विज्ञानाच्या सरांना विचार," म्हणून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर लाज वाटली आणि वाचायला बसलो.

इब्न अल-हैसम 965 च्या सुमारास बसऱ्यात जन्मले आणि पुढे कैरोत राहिले. डोळ्यातून किरण निघतात म्हणून आपल्याला दिसतं, हे जुनं मत त्यांनी 'किताब अल-मनाझिर'मध्ये खोडून काढलं. टॉलेमीसारख्या मान्यवराच्या चुका दाखवणारं वेगळं पुस्तकही लिहिलं. त्यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपने तो शतकानुशतके अभ्यासला. मग 1665 मध्ये इटलीच्या ग्रिमाल्दी यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. अडथळ्याच्या कडेला प्रकाश किंचित वळतो, पसरतो, असं त्यात होतं. यालाच विवर्तन म्हणतात. म्हणजे 'सरळ रेषा' हे अर्धंच उत्तर होतं.

पहिला लेसर 1960 मध्ये अमेरिकेत मेमन यांनी बनवला. कारखान्यात आणि शस्त्रक्रियेत वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेसर 1964 मध्ये कुमार पटेल यांनी शोधला. ते जन्माने बारामतीचे आणि शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. चांगल्या लेसरच्या झोतात प्रकाश बहुधा मधोमध सर्वांत प्रखर असतो आणि कडेकडे घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे मंद होत जातो. हा वक्र जर्मन गणितज्ञ गाउस यांच्या नावाने ओळखला जातो, म्हणून झोतही गाउसचा. झोत जिथे सर्वांत अरुंद असतो, त्या जागेला त्याची कंबर म्हणतात. कंबर जितकी बारीक, तितका झोत पुढे जास्त पसरतो. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

पण झोताला हवा तसा आकारही देता येतो. 1992 मध्ये नेदरलँड्समधल्या लेडन इथे ॲलन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की पिळदार लहरींचा, मध्ये काळोख आणि भोवती कडं असलेला झोत वस्तूला फिरवण्याची शक्ती वाहून नेतो. अशा झोतांनी आज सूक्ष्म कण फिरवले जातात. कड्याच्याच आकाराचा झोत वापरून स्टेफान हेल यांनी पेशीतले अतिसूक्ष्म तपशील दाखवणारा सूक्ष्मदर्शक घडवला. त्यांना 2014 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे सगळं फार लांबचं वाटेल. पण आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येकी 4 किलोमीटर लांब. त्यांतून धावणारा लेसर आकाशातल्या गुरुत्वीय लहरी टिपेल. आरशाचे कण उष्णतेने सतत थरथरतात. झोत रुंद असला की त्या थरथरीची सरासरी निघून मोजमाप सुधारतं. म्हणून कड्याकड्यांच्या झोतांचाही विचार झाला. पण आरशातल्या बारीकशा दोषानेही ते बिघडतात, त्यामुळे अमेरिकेतल्या वेधशाळांत साधा गाउसचा झोतच वापरतात.

आपल्याकडे इब्न अल-हैसमचं चित्र 'हे आपण शोधलं' असं लिहून मोबाइलवर फिरतं. मीही ते पाठवलं आहे. पण बुजुर्गांचं नाव घेऊन प्रश्न गप्प करायचा, हे तर त्यांच्याच शिकवणीच्या उलट. ते मोठे ठरले ते टॉलेमीवर शंका घेतल्यामुळे. त्या दिवशी वर्गात त्यांचा खरा वारस मागच्या बाकावर बसला होता, आणि मी त्याला टाळलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली, उत्तर सांगितलं आणि फळ्यावर हिंगोली जिल्ह्याचा नकाशा काढला. तिथे शास्त्रज्ञ लागतील, तंत्रज्ञही लागतील. त्यांत आपली मुलं असायची असतील, तर आधी त्यांचे प्रश्न ऐकून घ्यावे लागतील. मुलाने लगेच पुढचा विचारला, "सर, कंबर अजून रुंद केली तर?" त्याचं उत्तर आम्ही आता विज्ञानाच्या सरांकडे मिळून शोधणार आहोत.