इंजिन फ्लश

इंजिन फ्लश हे अंतर्ज्वलन इंजिनाच्या आत साचलेला गाळ, लाखेसारखा चिकट थर आणि काजळी सैल करून ती वंगण तेलासोबत बाहेर काढण्यासाठी वापरले जाणारे मिश्रक आहे. हे मिश्रक इंजिनातील तेलात ओतले जाते व ठरावीक काळानंतर तेलासह काढून टाकले जाते. या प्रक्रियेलाही इंजिन फ्लश किंवा फ्लशिंग असेच म्हणतात. बरेच अंतर चाललेल्या, तेल वेळेवर न बदललेल्या किंवा तेल ‘खाणाऱ्या’ जुन्या मोटारींसाठी त्याचा वापर प्रामुख्याने होतो. त्याची उपयुक्तता व सुरक्षितता यांबाबत वाहन उत्पादक, मिश्रकांचे उत्पादक आणि यांत्रिक कारागीर यांच्यात मतभेद आहेत.

गाळाची निर्मिती

इंजिनातील तेलाचा उष्णता व हवा यांच्याशी सतत संपर्क येऊन त्याचे ऑक्सिडीकरण होते. ढोबळ नियमानुसार तापमान १० अंश सेल्सियसने वाढल्यास ऑक्सिडीकरणाचा वेग सुमारे दुप्पट होतो. पिस्टन व सिलिंडर यांच्यामधील फटीतून ज्वलनवायू, अर्धवट जळलेले इंधन, काजळी व पाण्याची वाफ क्रँककेसमध्ये उतरतात. या सर्वांच्या संयोगातून डांबरासारखा काळा गाळ तयार होतो. अतिउष्ण भागांवर तो कठीण थराच्या रूपात बसतो, तर टॅपेट कव्हर व तेलाच्या चेंबरमध्ये मऊ लगद्याच्या रूपात साचतो.

वारंवार कमी अंतराचे प्रवास करणाऱ्या गाडीत तेल पुरेसे तापत नाही, त्यामुळे पाणी व इंधन उडून जात नाहीत आणि गाळ वाढतो. तेल बदलण्यास विलंब, हलक्या प्रतीचे तेल आणि क्रँककेसमधील वायू बाहेर काढणारी तुंबलेली झडप ही अन्य प्रमुख कारणे आहेत. काही वेळा इंजिनाची रचनाही गाळास पोषक ठरते. टोयोटा कंपनीने २००२ साली अमेरिकेत १९९७ ते २००२ या काळातील काही चार व सहा सिलिंडरच्या इंजिनांसाठी विशेष धोरण जाहीर करून गाळामुळे होणाऱ्या नुकसानीच्या दुरुस्तीची हमी वाढवली होती. सुमारे ३३ लाख वाहने या धोरणाच्या कक्षेत होती.

गाळामुळे तेलाचे बारीक मार्ग अरुंद होतात. पिस्टनवरील तेल खरवडणाऱ्या रिंगा खाचेत चिकटून बसल्यास तेल ज्वलनकक्षात जाते, धुराड्यातून निळसर धूर येतो व तेलाची पातळी घटत जाते. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये तेल न पोहोचल्यास टकटक असा आवाज येतो.

इतिहास

१९४७ साली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने इंजिन तेलांची रेग्युलर, प्रीमियम व हेवी ड्यूटी अशी वर्गवारी केली. यांपैकी रेग्युलर तेलात मिश्रके नसत, तर हेवी ड्यूटी तेलात गाळ धुणारी व तो तरंगत ठेवणारी द्रव्ये असत. साध्या तेलाच्या काळात इंजिनात गाळ साचणे ही नित्याची बाब होती आणि तेलात मिसळण्याच्या स्वतंत्र स्वच्छकांना त्यामुळे बाजारपेठ मिळाली. मार्व्हल मिस्टरी ऑइल हे १९२३ पासूनचे अमेरिकी उत्पादन या प्रकारातील जुन्या व प्रसिद्ध उत्पादनांपैकी एक आहे. पुढे धुलाईद्रव्ये सर्वच तेलांचा भाग बनली. तरी जुन्या गाड्यांसाठी अशा मिश्रकांची विक्री सुरूच राहिली.

घटक व कार्यपद्धती

बहुतेक फ्लशमध्ये रॉकेलसदृश हलके पेट्रोलियम द्रावक आणि धुलाईद्रव्ये असतात. द्रावक गाळाचा थर मऊ करतो. कॅल्शियम वा मॅग्नेशियम सल्फोनेटसारखी धुलाईद्रव्ये धातूच्या पृष्ठभागावरील थर सुटा करतात व आम्लांचे उदासिनीकरण करतात, तर सक्सिनिमाइड वर्गातील प्रकीर्णक सुटलेले कण एकत्र येऊ न देता तेलात तरंगत ठेवतात. हीच धुलाईद्रव्ये व प्रकीर्णक चांगल्या प्रतीच्या इंजिन तेलातही असतात. फ्लशमुळे त्यांचे प्रमाण काही काळापुरते वाढते.

प्रकार

शीघ्र फ्लश: तेल बदलण्यापूर्वी गरम इंजिनात ओतून, गाडी उभी ठेवून, सामान्यतः ५ ते १५ मिनिटे इंजिन मंद गतीने चालवले जाते. त्यानंतर तेल व फिल्टर दोन्ही बदलतात. द्रावकामुळे तेल पातळ झालेले असल्याने या काळात गाडी चालवणे किंवा इंजिनाची गती वाढवणे निषिद्ध मानले जाते.

मंद फ्लश: तेल बदलण्याआधीचे काही शे किलोमीटर गाडी हे मिश्रक तेलात ठेवूनच चालवली जाते. यात द्रावकाचे प्रमाण कमी असते व गाळ हळूहळू सुटतो.

फ्लशिंग तेल: जुने तेल काढल्यावर भरले जाणारे व थोडा वेळ इंजिन चालवून काढून टाकले जाणारे पातळ तेल. भारतातील अनेक गॅरेजांत याऐवजी डिझेल किंवा रॉकेल वापरण्याची पद्धत आढळते. या इंधनांत तेलाइतकी वंगणक्षमता नसल्याने बेअरिंगची झीज होण्याचा धोका असतो.

जुन्या वाहनांतील धोके

चेंबरच्या तळाशी असलेल्या जाळीतून तेलपंप तेल खेचतो. गाळाचे मोठे तुकडे एकदम सुटल्यास ही जाळी तुंबते, तेलाचा दाब घटतो व बेअरिंग निकामी होऊन इंजिन जाम होऊ शकते. फिल्टर तुंबल्यास त्यातील उपमार्गी झडप उघडते आणि गाळलेले नसलेले तेल इंजिनात फिरते. जाळीला मात्र सहसा असा पर्यायी मार्ग नसतो. म्हणूनच ज्या इंजिनात गाळ सर्वाधिक, त्यातच शीघ्र फ्लश सर्वाधिक धोकादायक ठरतो.

जुने, कडक झालेले रबरी सील गाळामुळे तात्पुरते बंद राहिलेले असल्यास स्वच्छतेनंतर तेलगळती दिसू लागते. तेलात भिजणारा रबरी टायमिंग पट्टा असलेल्या इंजिनांत द्रावकामुळे पट्ट्याची हानी होऊ शकते. दुचाकींमध्ये बहुधा इंजिन व क्लच यांचे तेल एकच असल्याने मोटारीसाठीचे मिश्रक त्यांत वापरू नये, असे मानले जाते.

वापरापूर्वीची तपासणी

तेल भरण्याचे झाकण, आणि शक्य असल्यास टॅपेट कव्हर, उघडून गाळाचे प्रमाण पाहिले जाते. तेलाचा दाब व सिलिंडरमधील कॉम्प्रेशन मोजले जाते. झिजलेले बेअरिंग, सिलिंडर किंवा झडपांचे सील कोणत्याही स्वच्छकाने पूर्ववत होत नाहीत. केवळ चिकटलेल्या रिंगांमुळे तेल जात असेल, तरच सुधारणेची शक्यता असते. घट्ट गाळ आढळल्यास चेंबर उतरवून जाळी हाताने स्वच्छ करणे हा अधिक सुरक्षित उपाय होय. योग्य प्रतीचे तेल व फिल्टर काही काळ नेहमीपेक्षा लवकर बदलत राहणे हा दुसरा पर्याय असून त्यात गाळ सावकाश सुटतो.

मतभेद

अनेक वाहन उत्पादक तेलात वेगळे मिश्रक घालू नये असे सांगतात. शेव्हरोलेच्या वाहनपुस्तिकांत फ्लशिंगची शिफारस केलेली नसून त्यामुळे होणारे नुकसान हमीत बसत नाही, असे नमूद केलेले असते. मिश्रक उत्पादकांच्या मते सूचनांनुसार वापर केल्यास धोका नगण्य असतो. फ्लशनंतर तेलही नवे भरले जात असल्याने आवाज व कार्यक्षमतेतील फरक नेमका कशामुळे पडला, हे एका गाडीच्या अनुभवावरून ठरवणे कठीण असते. तेलाचा खप प्रति १,००० किलोमीटर आधी व नंतर मोजणे हा त्यामानाने विश्वसनीय निकष आहे.

पर्यावरण

काढलेले तेल गटारात किंवा जमिनीवर ओतल्यास पाणी व माती दूषित होते. भारतात वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या कक्षेत येते व ते अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे देणे अपेक्षित आहे.

हेही पाहा

वंगण
अंतर्ज्वलन इंजिन
पिस्टन