नूनो नमदा

विरळ विणीच्या कापडात मेंढीची लोकर गुंतवून केलेले हलके वस्त्र. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधील कलावंत पॉली स्टर्लिंग यांनी हे तंत्र १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस विकसित केले. रेशमी शिफॉन किंवा सुती मलमलीवर विंचरलेल्या मेरिनो लोकरीचे पातळ थर पसरतात, साबणाचे पाणी शिंपडतात आणि हलक्या हाताने चोळतात. तंतूंची टोके कापडाच्या छिद्रांतून पलीकडे निघतात व त्यांवरील सूक्ष्म खवले एकमेकांत अडकतात. मग गुंडाळी करून ती लाटत राहिले की लोकर आटते. रेशीम आटत नाही, म्हणून त्याला बारीक चुण्या पडतात. या कलेचे खरे सौंदर्य या चुण्यांतच आहे. पारंपरिक जाड नमदा तंबूला, खोगिराला सोयीचा, पण अंगावर बोजड. नूनोमुळे झुळझुळीत स्टोल व झगे शक्य झाले.