रंगाखालचा इतिहास : डिंकी मोटारी, जस्ताचा रोग आणि पुन्हा रंगवण्याचा वाद

१/ २००८ साली इंग्लंडमधील एका लिलावात तळहातावर मावणारी खेळण्यातली डिलिव्हरी व्हॅन १९,९७५ पौंडांना विकली गेली. १९३० च्या दशकात तिची किंमत अवघी काही पेन्स होती. तिच्या धातूच्या सांगाड्यात दुर्मीळ असे काही नव्हते. मोल होते ते तिच्या मूळ रंगाला आणि अंगावर छापलेल्या ‘डब्ल्यू. ई. बॉइस’ या सायकलच्या दुकानाच्या नावाला.

२/ हीच व्हॅन एखाद्या कुशल हौशी कारागिराने ‘रंग उडाला आहे’ म्हणून खरवडून नव्याने, अधिक सफाईने रंगवली असती तर? ती दिसायला सुंदर झाली असती आणि जवळजवळ कवडीमोल ठरली असती. छोट्या मोटारी दुरुस्त करण्याच्या छंदातील सर्वांत जुना वाद या एका प्रश्नात सामावलेला आहे. तो समजून घेण्यासाठी लिव्हरपूलला जावे लागते.

३/ फ्रँक हॉर्नबी (१८६३–१९३६) हा लिव्हरपूलचा. भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांपासून मुलांनी स्वतः यंत्रे उभारावीत, या कल्पनेचे पेटंट त्याने १९०१ मध्ये घेतले. पुढे हेच खेळणे ‘मेकॅनो’ या नावाने जगभर गेले. १९१४ मध्ये बिन्स रोडवर मेकॅनोचा मोठा कारखाना उभा राहिला आणि १९२० पासून तेथे हॉर्नबीच्या खेळण्यातल्या आगगाड्याही तयार होऊ लागल्या.

४/ आगगाडी आली म्हणजे स्थानक आले, हमाल आले, स्थानकाबाहेरच्या मोटारीही आल्या. १९३३ च्या अखेरीस ‘मॉडेल्ड मिनिएचर्स’ या नावाने सहा वाहनांचा एक संच निघाला : दोन मोटारी, एक ट्रक, एक डिलिव्हरी व्हॅन, एक ट्रॅक्टर आणि एक रणगाडा. १९३४ मध्ये या मालिकेला ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. आगगाडीची सजावट म्हणून जन्मलेल्या मोटारी थोड्याच वर्षांत स्वतंत्र खेळणे झाल्या.

५/ या मोटारींचे प्रमाणही आगगाडीनेच ठरवले. हॉर्नबीच्या ‘ओ’ गेजच्या गाड्यांशेजारी शोभतील अशा त्या साधारण १:४३ या प्रमाणात असत. आज जगभरातील संग्राहक १:४३ हे प्रमाण स्वयंसिद्ध मानतात. त्याचे मूळ मोटारीत नसून रुळांत आहे.

६/ साचा कोरणे हे सर्वांत खर्चिक काम. एकदा साचा तयार झाला की त्याचा जितका उपयोग होईल तितका करून घ्यायचा, हा कारखान्याचा हिशेब. त्यामुळे एकाच व्हॅनच्या सांगाड्यावर हॉर्नबी ट्रेन्स, पिकफर्ड्स, ‘मँचेस्टर गार्डियन’, ऑक्सो अशा निरनिराळ्या जाहिराती आल्या. धातू तोच, ओळख मात्र रंगाने आणि अक्षरांनी बदललेली.

७/ इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हीच. या खेळण्यांचा धातू सर्वांचा सारखा आहे; वेगळेपणाची नोंद आहे ती रंगात. कोणत्या कंपनीने कधी जाहिरात दिली, कोणती छटा कोणत्या काळात वापरली, चाकांची धाटणी केव्हा बदलली, हे सारे त्या पातळ थरावर आणि त्याखालच्या भागांवर लिहिलेले असते. रंग खरवडणे म्हणजे कागद ठेवून शाई पुसून टाकणे.

८/ सुरुवातीच्या गाड्या शिशाच्या मिश्रधातूत ओतल्या जात. लवकरच त्यांची जागा ‘मॅझॅक’ने घेतली. जस्तात थोडे ॲल्युमिनियम, तांबे आणि किंचित मॅग्नेशियम मिसळून हा धातू होतो. तो हलका आणि कणखर असतो, दाबाने साच्यात घातला की बारीकसारीक तपशीलही उमटवतो. अट एकच : जस्त अत्यंत शुद्ध हवे.

९/ ही अट दर वेळी पाळली गेली नाही. मिश्रणात शिशाचा अल्पसा अंश शिरला तरी धातूच्या कणांच्या सीमारेषांवरून आतल्या आत गंज पसरू लागतो. दमट हवा आणि उष्णता त्याला हातभार लावतात. संग्राहक याला जस्ताचा रोग म्हणतात. गाडी फुगते, वाकते, तिला केसासारख्या भेगा पडतात आणि अखेर बिस्किटासारखा तिचा चुरा होतो.

१०/ या रोगावर औषध नाही. कोरड्या, एकसारख्या तापमानाच्या जागेत ठेवल्यास त्याचा वेग मंदावतो, इतकेच. रंगाचा नवा थर देऊन भेगा झाकता येतात. आतला क्षय थांबत नाही. महायुद्धापूर्वीच्या अनेक डिंकी गाड्या मुलांच्या हातून नव्हे, तर स्वतःच्याच धातूमुळे नष्ट झाल्या. जी वाचली, ती म्हणूनच मोलाची.

११/ दुसऱ्या महायुद्धात धातूची खेळणी थांबली आणि बिन्स रोडचा कारखाना युद्धसाहित्याकडे वळला. १९४५ नंतर उत्पादन पुन्हा सुरू झाले. १९४७ मध्ये ‘सुपरटॉइज’ या नावाने फोडेन आणि गाय बनावटीचे मोठे ट्रक आले. १९५६ मध्ये कॉर्गी हा प्रतिस्पर्धी खिडक्यांना पारदर्शक प्लॅस्टिक लावूनच बाजारात उतरला आणि डिंकीलाही त्यामागे धावावे लागले.

१२/ १९५० च्या दशकात या गाड्यांशी खेळलेली मुले मोठी झाली आणि माळ्यावरची खोकी खाली आली. त्यांतून निघाल्या त्या टवके उडालेल्या, चाकांविना, टायर दगडासारखे कडक झालेल्या मोटारी. त्यांना पुन्हा उभे करण्याच्या इच्छेतून दुरुस्तीचा छंद वाढला.

१३/ त्याची रीत अशी. तळपत्रा रिव्हेटने ठोकलेला असतो. त्या रिव्हेटचे डोके ड्रिलने काढायचे. सांगाडा रंग काढणाऱ्या रसायनात बुडवायचा. तो स्वच्छ धुऊन, वाळवून त्यावर अस्तराचा रंग आणि मग एनॅमलचे पातळ हात द्यायचे. तुटलेल्या भागांच्या जागी नव्याने ओतलेले सुटे भाग आणि नवे टायर बसवायचे. शेवटी पाण्यात भिजवून सरकवायचे ट्रान्सफर. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासणे टाळावे लागते.

१४/ हे काम उत्तम वठले तरी खुणा राहतात. कारखान्यात रंग भट्टीत भाजला जाई, त्यामुळे त्याची चकाकी आणि जाडी वेगळी असते. हाताने दिलेला जाड थर दारांच्या रेषा बुजवतो. रिव्हेटचे मूळ गोल डोके एकदा गेले की तसेच परत येत नाही. जाणकार म्हणूनच गाडी हातात घेताच आधी उलटी करून पाहतो.

१५/ येथूनच नैतिक प्रश्न सुरू होतो. स्वस्त, सामान्य व्हॅन खरवडायची, तिच्यावर दुर्मीळ जाहिरातीचे ट्रान्सफर लावायचे आणि ती मूळ म्हणून विकायची, हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. दुरुस्ती आणि बनावट यांत हत्यारे तीच, रंग तोच, हातही कदाचित तोच. फरक असतो तो फक्त सांगण्या-न सांगण्याचा.

१६/ संग्राहकांनी यासाठी तीन पायऱ्यांची भाषा घडवली. कोड १ : कारखान्यातून निघाली तशीच गाडी. कोड २ : मूळ उत्पादकाच्या संमतीने इतरांनी बदललेली. कोड ३ : उत्पादकाशी संबंध नसताना कोणीही रंगवलेली वा बदललेली. कोड ३ ही शिवी नव्हे. ती प्रामाणिक नोंद आहे. त्या वर्गात अप्रतिम कारागिरी आढळते.

१७/ या कथेचा एक धागा भारतात येतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही वापरून झालेले साचे कलकत्त्याला आले. तेथे ‘निकी टॉइज’ या नावाने जग्वार, बेंटली, मर्सिडीज अशा गाड्या पुन्हा ओतल्या जाऊ लागल्या. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या त्या काळात भारतीय मुलांच्या हाती लिव्हरपूलच्या मोटारी आल्या त्या या वाटेने.

१८/ साचे झिजलेले होते, कडा बोथट उमटत, रंग जाडसर असे. तळपत्र्यावर ‘डिंकी’ हे नाव जेथे होते तेथे ते खोडून काढलेले दिसते. ब्रिटनमध्ये ‘स्टँडर्ड ॲटलस’ म्हणून निघालेली छोटी बस येथे ‘स्टँडर्ड २०’ झाली, कारण खरी स्टँडर्ड २० मद्रासमध्ये तयार होत होती. साचा परका होता. नाव रस्त्यावरच्या वास्तवाशी जुळवून घेतलेले.

१९/ एखाद्याने निकीची गाडी ‘ओबडधोबड’ म्हणून खरवडली आणि डिंकीच्या मूळ छटेत रंगवली, तर एक सामान्य डिंकी मिळेल आणि कलकत्त्याचा कारखाना मात्र नाहीसा होईल. ज्या वस्तूला आपण सदोष प्रत समजतो ती पुष्कळदा स्वतंत्र दस्तऐवज असते.

२०/ बिन्स रोडचा शेवट कटू झाला. १९६४ मध्ये मेकॅनो लाइन्स ब्रदर्सकडे गेली, १९७१ मध्ये तो समूह कोसळल्यावर एअरफिक्सकडे. नोव्हेंबर १९७९ मध्ये कारखाना अचानक बंद करण्यात आला. सुमारे ९०० जणांचा रोजगार गेला. कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडून विरोध केला. कारखाना वाचला नाही.

२१/ त्या कामगारांची, विशेषतः तेथे मोठ्या संख्येने राबलेल्या स्त्रियांची नावे खेळण्यांवर कोठेच नाहीत. आहे तो त्यांच्या हाताचा ठसा : किंचित तिरके बसलेले ट्रान्सफर, कडेला ओघळलेला रंग, रिव्हेटचा ठोका. पुन्हा रंगवताना सर्वांत आधी याच खुणा ‘दोष’ म्हणून दूर केल्या जातात.

२२/ मग रंगवूच नये काय? तसे नाही. लाखोंनी निघालेली, रंग पुरता गेलेली, चाके हरवलेली मोटार पुन्हा धावती करणे हा तिचा सन्मानच आहे. हॉर्नबीच्या खेळण्यांचा मूळ धर्मही हाताने घडवण्याचाच. मात्र तीन पथ्ये पाळावीत : खरवडण्यापूर्वी गाडी ओळखावी; तिचे आतून, बाहेरून व तळाचे छायाचित्र घ्यावे; काम झाल्यावर तळपत्र्याच्या आतल्या बाजूस सन आणि ‘पुन्हा रंगवले’ एवढे दोन शब्द लिहावेत.

२३/ लेण्यातील भित्तिचित्र असो वा तळहातावरची व्हॅन, संवर्धनाचा नियम एकच : आपला हात कोठून सुरू झाला हे पुढच्या माणसाला कळले पाहिजे. नव्वद वर्षांपूर्वी लिव्हरपूलमध्ये कोणीतरी दिलेला रंग अजून टिकून असेल, तर त्याचे टवकेही त्याचेच आहेत.

(समाप्त)